काशीची कुंडे आणि हिरवे पाणी

इ. स. २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस काशीच्या घाटांवर एक विलक्षण दृश्य दिसू लागले. गंगेचे पाणी हिरवे झाले होते. ग्रीष्मात नदी आटते, प्रवाह मंदावतो, वाळूची पुळणे उघडी पडतात, हे काशीकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु घाटामागून घाट शेवाळाच्या रंगाने माखलेले पाहून अनुभवी नावाडीही चकित झाले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी चौकशी समिती नेमली, पाण्याचे नमुने तपासले गेले आणि त्यांत नत्र व स्फुरद म्हणजे फॉस्फरस यांचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले आढळले. नदीच्या वरच्या अंगास, मिर्झापूर जिल्ह्यातील विंध्याचल येथे, सांडपाणी शुद्ध करण्याचे जुन्या पद्धतीचे एक केंद्र आहे. तेथून शेवाळ वाहत आले असा निष्कर्ष चौकशीत निघाला. देशभरच्या वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली.

ती घेतली गेली हे योग्यच झाले. तथापि त्याच नगरीत, घाटांपासून थोड्याच अंतरावर, दुर्गाकुंड आहे, लक्ष्मीकुंड आहे, आणखी कितीतरी पुष्करिणी आहेत. शेवाळाचा हिरवा थर त्यांच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चढत आला आहे. त्याची बातमी क्वचितच होते. वाहते पाणी हिरवे झाले म्हणजे तो अपघात आणि साचलेले पाणी हिरवे झाले म्हणजे तो त्याचा स्वभावधर्म, अशी जणू लोकांची समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची आहे. वस्तुतः नदीवर काही आठवडे आलेला प्रसंग आणि कुंडांवर कायमचा आलेला प्रसंग यांचे कारण एकच असून, नदीपेक्षा कुंडांचीच बाजू अधिक दुबळी आहे.

हे हिरवे पाणी म्हणजे नेमके काय, ते प्रथम पाहिले पाहिजे. काशीच्या कुंडांतील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता बहुधा ‘मायक्रोसिस्टिस’ नावाच्या नील-हरित शेवाळाचे पुंजके दिसतात. यांतील एकेक पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजावी लागते; परंतु अशा असंख्य पेशी एका बुळबुळीत आवरणात एकत्र राहतात. यांना शेवाळ म्हणण्याचा प्रघात असला, तरी शरीररचनेने त्या जीवाणूंना जवळच्या आहेत. त्यांच्या ठायी एक सोय मोठी चतुराईची आहे. पेशीच्या आत वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्या बळावर हे पुंजके पाण्यात वर येतात. वारा पडलेला असावा, पाणी कोमट असावे, ऊन कडक असावे, की एका रात्रीत ते पृष्ठभागावर गोळा होतात आणि सकाळी पाहावे तो सर्वत्र हिरवा रंग कालवल्यासारखा दिसतो. खालच्या थरांतील इतर वनस्पतींना मग प्रकाश मिळत नाही. वरचे तरतात, खालचे मरतात.

दिवसा हे शेवाळ भरपूर प्राणवायू सोडते, हे खरे. पण रात्री तेच श्वसनासाठी प्राणवायू ओढून घेते. शिवाय मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते, तेव्हा कुजविणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवितात. म्हणून अशा कुंडांतील मासे पहाटेच्या सुमारास पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसतात आणि कधी एखाद्या सकाळी पांढरी पोटे वर करून तरंगतात. ‘मासे कोणी विष घालून मारले’ असा संशय अशा वेळी घेतला जातो. बहुधा ते गुदमरून मेलेले असतात.

विषाचा प्रश्नही मात्र अगदीच काल्पनिक नव्हे. मायक्रोसिस्टिसच्या काही जाती यकृतास अपाय करणारे द्रव्य निर्माण करतात. त्याला ‘मायक्रोसिस्टिन’ म्हणतात. काशीच्या कुंडांतील शेवाळात ते असल्याचे काशी हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पिण्याच्या पाण्यात या विषाच्या प्रमुख प्रकाराचे प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली सुचविली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९९६ साली, ब्राझीलमधील कारुआरू या गावी मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त शुद्ध करण्यासाठी अशा शेवाळाने दूषित झालेले पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रोगी दगावले. पाणी उकळले म्हणजे सर्व दोष गेले, असे आपल्याकडे मानतात; परंतु हे विष साध्या उकळण्याने नाहीसे होत नाही. कुंडाचे पाणी आज कोणी घरी पिण्यास नेत नसले, तरी आचमन करणारे, स्नान करणारे व त्यातील मासे खाणारे लोक आहेत, हे विसरता येत नाही.

येथे काशीच्याच विद्येच्या इतिहासातील एक प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. नील-हरित शेवाळाच्या अभ्यासाचे भारतातील एक मोठे पीठ म्हणजे काशी हिंदू विश्वविद्यालय. तेथे याज्ञवल्क्य भारद्वाज यांनी या अभ्यासाचा पाया घातला आणि रामनगिना सिंह यांनी त्यावर इमारत चढविली. भातखाचरातील जमीन वर्षानुवर्षे खत न घालताही पीक देते, यामागे हवेतील नत्र बांधून ठेवणारे नील-हरित शेवाळ आहे, असे डे या संशोधकाने १९३९ साली प्रतिपादिले होते. रामनगिना सिंह यांनी हेच सूत्र पुढे नेऊन, उत्तर प्रदेशातील ‘उसर’ म्हणजे खारपड, नापीक जमिनी अशा शेवाळाच्या साहाय्याने लागवडीस आणता येतील, असे १९५० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले. भारतीय शेतीतील नत्राच्या व्यवहारात या शेवाळाचे स्थान काय, यावरील त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६१ साली प्रसिद्ध केला. एकाच कुळातील जीव शेतात अन्नदाता ठरतो आणि कुंडात उपद्रवी ठरतो. तेव्हा दोष शेवाळाच्या कुळाचा नाही. त्याला कोणी, कोठे, किती खाऊ घातले, याचा आहे.

शास्त्रज्ञांनी या अवस्थेला जे नाव दिले आहे, त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘चांगले पोसलेले’ असा होतो. त्यावरून काही लेखक मराठीत ‘सुपोषण’ असा शब्द योजतात. शब्द मुळाला धरून असला तरी फसवा आहे; सु या उपसर्गाने वाचकाला वाटावे की, काही चांगलेच घडत आहे. ‘अतिपोषण’ हा शब्द अधिक प्रामाणिक होय. अजीर्ण झालेल्या माणसाला कोणी सुपोषित म्हणत नाही.

आता हे अन्न कोणते? वनस्पतीला कर्ब लागतो, नत्र लागते, स्फुरद लागतो आणि इतरही क्षार अल्प प्रमाणात लागतात. यांपैकी ज्याचा पुरवठा गरजेच्या मानाने सर्वांत तोकडा असेल, त्यावर वाढीची मर्यादा अवलंबून राहते, हा लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम शेतकऱ्यांना परिचित आहे. गोड्या पाण्याच्या तलावांत हे तोकडे द्रव्य बहुधा स्फुरद असते. कॅनडातील एका सरोवराचा या बाबतीतला प्रयोग शाळेच्या प्रत्येक फळ्यावर काढून दाखवावा इतका सुटसुटीत आहे. ऑन्टेरिओ प्रांतातील ‘सरोवर क्रमांक २२६’ मध्यभागी चिंचोळे होते. डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली त्या चिंचोळ्या जागी एक पडदा उभा करून सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात घातला. स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा पूर्वीसारखाच राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले.

नत्राविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहे आणि काही पाण्यांत दोन्ही द्रव्ये आवरली पाहिजेत, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष बळकट आहे. तरीसुद्धा कुंडांच्या बाबतीत स्फुरदावर प्रथम बोट ठेवावे, याचे कारण उसर जमिनीच्या संशोधनातच दडलेले आहे. पाण्यातील नत्र तेवढे कमी केले, तर हवेतून नत्र ओढून घेणाऱ्या शेवाळाच्या जाती पुढे सरसावतात आणि तूट भरून काढतात. हवेत नत्राचा अखूट साठा आहे. स्फुरदाचा असा साठा हवेत नाही. तो येईल तो नाल्यातून, मातीतून, विष्ठेतून, साबणाच्या चुऱ्यातून आणि निर्माल्यातूनच येईल. ज्याची वाट ठाऊक आहे, त्याला अडविता येते.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एक ग्रॅम स्फुरदाच्या बळावर सुमारे शंभर ग्रॅम सुके शेवाळ तयार होऊ शकते. लिटरमागे सुमारे तीस मायक्रोग्रॅम स्फुरद झाला की, तलाव अतिपोषणाच्या उंबरठ्यावर आला असे समजतात. जवाच्या एक किलो पिठात सुमारे तीन ग्रॅम स्फुरद असतो. म्हणजे एक किलो पीठ कुंडात टाकले आणि ते पुरते विरघळले, तर एक लाख लिटर निर्मळ पाण्याला त्या उंबरठ्यावर आणण्यास ते पुरेसे आहे. पितृपक्षात पिशाचमोचन कुंडावर किती पिंड दिले जातात, भाद्रपदातील षष्ठीस लोलार्ककुंडात स्नान करणारी जोडपी किती फळे पाण्यात सोडतात, याचे मोजमाप कोणी करावयाचे ते करो. श्रद्धेने वाहिलेले अन्न पाण्यात गेले की, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते खतच होय.

पण हिशेब येथेच थांबविला, तर तो भाविकांवर अन्याय होईल. माणसाच्या शरीरातून दररोज सुमारे एक ते दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. एक किलो पिठातला स्फुरद म्हणजे एका माणसाच्या दोनतीन दिवसांच्या मलमूत्रातला स्फुरद. २०११ च्या शिरगणतीत वाराणसी शहराची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. तेव्हा केवळ माणसांच्या देहातून या शहरात रोज एक टनाहून अधिक स्फुरद बाहेर पडत होता. हार-फुलांविरुद्ध व्याख्याने देणारे सुधारक पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नाही. परंतु कुंडाच्या कोपऱ्यात गुपचूप येऊन मिळणारे एखादे गटार वर्षभरात जे करते, ते यात्रेच्या गर्दीला चार दिवसांत साधणे कठीण. गटार दिसत नाही, गर्दी दिसते. म्हणून दोष गर्दीला मिळतो.

सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे काशीत आहेत व वाढतही आली आहेत. गंगा कृती योजनेचा आरंभच १९८६ साली काशीच्या घाटावर झाला. परंतु नेहमीच्या पद्धतीची केंद्रे मुख्यतः कुजणारे पदार्थ काढून टाकण्यासाठी बांधलेली असतात. त्यांतून बाहेर येणारे पाणी निवळ दिसते, त्याची दुर्गंधी जाते. मात्र विरघळलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग गाळाबरोबर निघतो, बाकीचा त्या निवळ पाण्यातून पुढे जातो. असे पाणी तलावात सोडणे म्हणजे शेवाळाला चाळून, निवडून अन्न वाढण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने २०१७ साली अशा केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत नत्र व स्फुरद यांना मर्यादाच घातली नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ही उणीव हेरून, तलाव व सरोवरे यांत सोडावयाच्या पाण्यात स्फुरद लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे सांगितले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. वर सांगितलेल्या उंबरठ्याच्या तीस पटींहून अधिक. नदीत ते पाण्याच्या ओघात विरळ होईल. कुंडात विरळ करण्यास आहे कोण?

काशीची कुंडे आणि नदी यांतला हा भेद फार महत्त्वाचा आहे. एके काळी हे नगर जितके घाटांचे तितकेच सरोवरांचे होते. मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया ही नावे आज वस्त्यांना व उद्यानांना उरली आहेत. पूर्वी ती मोठी जलाशये होती. टांकसाळीतील अधिकारी म्हणून १८२० च्या सुमारास काशीस आलेल्या जेम्स प्रिन्सेप याने दाट वस्तीतील साचलेली पाणी काढून देण्यासाठी कमानीचा भुयारी मार्ग बांधविला. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून त्याची कीर्ती मोठी. परंतु काशीचा जलनकाशा बदलणारा हाच तो गृहस्थ, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे साचलेले पाणी म्हणजे रोगाचे घर, आणि त्यावर उपाय म्हणजे ते पाणीच नाहीसे करणे. जी कुंडे उरली, ती धर्माच्या आश्रयाने उरली. दुर्गाकुंड नाटोरच्या राणी भवानीच्या नावाशी निगडित आहे. १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव लोलार्ककुंडाच्या जीर्णोद्धारातही घेतले जाते. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या कुंडांचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. दगडी पायऱ्या मात्र जीर्णोद्धारात बांधता येतात. पाणी बांधता येत नाही.

आणि या उरलेल्या कुंडांवर अलीकडे नवा भार पडला आहे. गंगेत मूर्तिविसर्जन करू नये असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिल्यानंतर काशीतील मूर्ती शंकुलधारा, ईश्वरगंगी यांसारख्या तळ्यांकडे वळल्या. नदी वाचवावी, हा हेतू निर्विवाद चांगला. परंतु जे पाणी वाहते त्याच्यावरचा बोजा काढून जे पाणी वाहत नाही त्याच्यावर ठेवणे, यात कोणते शास्त्र आहे? पेंढा, माती, फुले, पाने, नैवेद्य हे सारे तळाशी बसते आणि कुजते. नदीने पुराबरोबर जे पुढे नेले असते, ते कुंड आपल्या पोटात ठेवून घेते. विसर्जनासाठी वेगळे कृत्रिम हौद खणून, त्यांतील अवशेष दुसऱ्याच दिवशी काढणे हा मार्ग महाराष्ट्रातील कित्येक शहरांनी पत्करला आहे; काशीतही खरा मार्ग तोच, प्राचीन कुंडाला हौद मानणे हा नव्हे.

कुंडाच्या पोटात साठलेल्या या गाळाचे एक विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाण्यात प्राणवायू असतो तोवर गाळातील लोह स्फुरदाला धरून ठेवते. तळाचा प्राणवायू संपला की, ही पकड सुटते आणि स्फुरद पुन्हा वर पाण्यात येतो. म्हणजे शेवाळ कुजल्याने प्राणवायू संपतो, प्राणवायू संपल्याने स्फुरद सुटतो, आणि स्फुरद सुटल्याने नवे शेवाळ वाढते. बाहेरून येणारी घाण आज बंद केली तरी कुंड उद्याच निर्मळ होत नाही ते यामुळे. नगरपालिका बदलते, अधिकारी बदलतात; गाळ जुन्या सावकारासारखा आपली वही सांभाळून असतो.

अशा स्थितीत जे उपाय वारंवार योजले जातात, त्यांचे परीक्षण स्पष्टपणे झाले पाहिजे. मोरचूद टाकले की दोन दिवसांत पाणी स्वच्छ दिसते. पण मेलेल्या पेशी फुटून त्यांतील विष पाण्यात मिसळते आणि त्यांतील स्फुरद पुढच्या पिकाला मिळतो. ताम्र गाळात साठते ते वेगळेच. कारंजी पाण्यात थोडा प्राणवायू मिसळतात, डोळ्यांस सुखवितात, पण एक मायक्रोग्रॅमही स्फुरद कमी करीत नाहीत. काठावर दिवे, बाके व रंगीत फरशी बसविणे हा तर जलशुद्धीचा उपाय नव्हेच. कोल्हापूरच्या रंकाळ्याने हेच भोगले आहे: काठ शोभिवंत, नाले तसेच, पाणी हिरवे.

शेवाळाकडूनच काम करून घेण्याची एक कल्पना काशीत निघाली होती, तिचा उल्लेख येथे अगत्याचा आहे. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन स्थापिले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने, सांडपाणी गंगेत पडण्यापूर्वीच अडवून क्रमाक्रमाने मोठ्या तळ्यांतून फिरवावे, तेथे शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूवर जीवाणूंनी घाण पचवावी, अशी योजना पुढे मांडली. सूर्यप्रकाश मुबलक आणि वीज बेभरवशाची असलेल्या प्रदेशात ही कल्पना शहाणपणाची होती. मिश्र २०१३ साली निवर्तले. या पद्धतीची एक अट मात्र कडक आहे. तळ्यात वाढविलेले शेवाळ पाणी सोडण्यापूर्वी वेगळे काढलेच पाहिजे; नाहीतर त्याने गोळा केलेला स्फुरद त्याच्याच बरोबर नदीत जातो. २०२१ साली गंगा हिरवी झाली तेव्हा, शुद्धीकरणाच्या जागेतून शेवाळ सुटले म्हणजे काय होते, याचे प्रात्यक्षिकच सर्वांनी पाहिले.

आटोक्यात येणार नाही असा हा रोग नाही. अमेरिकेतील सिॲटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्यास शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी पडत असे आणि नील-हरित शेवाळाने ते भरून गेले होते. एडमन्डसन या शास्त्रज्ञाने कारण दाखवून दिले. लोकांनी मतदान करून खर्च मान्य केला. १९६३ ते १९६८ या काळात सारे सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले. १९७० नंतरच्या दशकात पाणी इतके स्वच्छ झाले की, जुन्या रहिवाशांनाही नवल वाटले. तेथे विष टाकले नाही, कारंजी बसविली नाहीत. फक्त अन्न बंद केले.

काशीच्या कुंडांसाठी क्रमही तोच असला पाहिजे. आधी प्रत्येक कुंडाभोवतीची गटारे शोधून ती तोडावयाची. मगच गाळ काढावयाचा. हा क्रम उलटा केला, तर काढलेल्या गाळाच्या जागी नवा गाळ बसतो आणि पैसा मात्र दोनदा खर्च होतो. कुंडाच्या पाण्यातील स्फुरदाचे प्रमाण दर महिन्यास मोजून काठावरच्या फलकावर लिहिणे विश्वविद्यालय असलेल्या नगरीला अवघड नाही. शाळांतील विद्यार्थ्यांनाही यात भाग घेता येईल. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली पाण्याची पारदर्शकता मोजण्याची जी युक्ती काढली, तिला वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, एक वजन आणि खुणा केलेली दोरी एवढेच साहित्य पुरते. तबकडी पाण्यात सोडीत जावी आणि ती दिसेनाशी झाली की, दोरीवरची खूण वहीत टिपावी. वर्षभर दर आठवड्यास अशी नोंद ठेवली, तर कोणत्या सणानंतर, कोणत्या पावसानंतर पाणी गढुळले, ते सांगण्यास तज्ज्ञाची गरज पडणार नाही.

राहिला काढलेल्या गाळाचा प्रश्न. जुन्या काळी तलावाचा गाळ उन्हाळ्यात गाड्या भरभरून शेतात नेत असत, कारण त्यातला स्फुरद व नत्र पिकाला लाभे. महाराष्ट्रातही धरणांतील गाळ शिवारात नेण्याची योजना २०१७ पासून राबविण्यात आली. शहरी कुंडाच्या गाळाला मात्र एक तपासणी आवश्यक आहे. मूर्तींच्या रंगांतून आलेले शिसे व इतर जड धातू त्यात किती आहेत, हे प्रयोगशाळेत पाहून, निर्दोष ठरेल तेवढाच गाळ वाराणसीच्या आसपासच्या भाजीमळ्यांत व भातशेतांत द्यावा, आणि उरलेला वस्तीपासून व पाण्यापासून दूर, अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरावा.